मोडीचे रुमाल आणि आत्याचा डॉस

लढाया, तह आणि छावण्या हे माझे नेहमीचे विषय. आजचा विषय घरातल्या टेबलावरचा आहे. जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर कसं चालवायचं, आणि मुळात का चालवायचं, याबद्दल आज बोलू. यात इतिहास कुठे आला, असं वाटेल. थोडा धीर धरा, तो येतो.

सुरुवात इंग्लंडपासून करतो. १०८६ साली तिथला राजा पहिला विल्यम याने आपल्या मुलखाची पाहणी करवली. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती पाणचक्क्या, सगळं लॅटिनमध्ये चर्मपत्रावर उतरवलं गेलं. या दस्ताला डूम्सडे बुक म्हणतात. त्याला ९०० वर्षं झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने नवं डूम्सडे तयार केलं. देशभरातल्या शाळकरी मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, फोटो काढले. हा ऐवज त्या काळच्या अगदी आधुनिक साधनावर, बारा इंची लेझर डिस्कवर साठवला गेला.

पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत अडचण उभी राहिली. डिस्क शाबूत होत्या, पण त्या वाचणारं यंत्र आणि त्याला जोडायचा बीबीसी मास्टर संगणक दुर्मिळ होऊन बसले होते. १०८६ चा दस्त लॅटिन जाणणारा माणूस आजही उघडून वाचू शकतो. १९८६ चा दस्त वाचायला नुसता माणूस पुरेना. शेवटी इंग्लंडमधल्या लीड्स आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी, नव्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम लिहिला. २००२ मध्ये ती पानं पुन्हा दिसू लागली. असं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. मी त्याला बहुरूपी म्हणतो. दारात पोलिसाच्या वेषात येऊन हुबेहूब पोलिसासारखं बोलणारा बहुरूपी आपल्या पिढीने पाहिलेला आहे. हाही तसाच.

आता घरी येऊ. असा प्रसंग आपल्या मराठी माणसांवर संगणक येण्याआधीच एकदा गुदरून गेला आहे.

वाचणारे गेले, कागद राहिले

आपल्या पूर्वजांनी काही शतकं कारभार मोडी लिपीत केला. बोरू फारसा न उचलता झरझर लिहिता येणारी ही लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही. हिशेबनीस आणि कारकून यांच्या हाताला ती सोयीची, छपाईला मात्र गैरसोयीची. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी बाळबोध, म्हणजे आजची आपली देवनागरी, ही मुख्य लिपी ठरवली. शाळांतून मोडी आणखी काही दशकं टिकली, मग तिथूनही गेली.

कागद कुठे गेले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, देवास इथल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवरही आहेत. कमी झाले ते वाचणारे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. केवढं मोठं काम! तरीही एकूण दफ्तराच्या मानाने ते मूठभरच.

मी सिग्नल्सचा माणूस. निरोप पाठवला म्हणजे काम संपत नाही, समोरच्याला तो वाचता आला तरच तो पोचला, हे आमच्या कोअरमध्ये पहिल्या दिवसापासून अंगात भिनवतात. या कसोटीवर मोडीतले लाखो निरोप अजून पोचलेलेच नाहीत.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. हे गावसुद्धा इतिहासाचं देणं आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी महूची छावणी वसवली. होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेली मराठी घराणी शेजारच्या इंदुरात आजही आहेत. माझी आत्या त्यांतल्याच एका घरात लग्न होऊन गेली. तिचं वय आज ८७ आहे.

आत्या शाळेत शिक्षिका होती. मोडी ती सासऱ्यांकडून शिकली. रोज रात्री जेवणं झाल्यावर पाटीवर एक ओळ, असं दोन वर्षं चाललं होतं. निवृत्त झाल्यावर लोक तिच्याकडे आपापल्या घरातले मोडी कागद आणू लागले. ती ते वाचायची, देवनागरीत उतरवायची, समजावून सांगायची आणि मूळ कागद परत करायची. १९९६ मध्ये मुलाने तिला संगणक घेऊन दिला. त्यावर डॉसमध्ये चालणारा एक देवनागरी प्रोग्रॅम होता. तरुणपणी टंकलेखनाची परीक्षा दिलेली असल्यामुळे टाइपरायटरचा कळफलक तिच्या बोटांत होता, आणि या प्रोग्रॅमचा कळफलक तोच होता. पुढची पंचवीसेक वर्षं तिने त्यावर सहाशेच्या वर कागदांचं लिप्यंतर केलं.

त्या कागदांत राजेरजवाड्यांची खलबतं नाहीत. लग्नाचा खर्च आहे. बैलजोडीची किंमत आहे. माहेरी धाडलेल्या सुनेबद्दल दोन व्याह्यांची कडवट पत्रं आहेत. प्लेगच्या साली गाव सोडून माळावर झोपडी बांधून राहिलेल्या कुटुंबाचा चार महिन्यांचा हिशेब आहे. माळव्यातला मराठी माणूस कसा जगला, हे अशाच कागदांतून कळतं.

दोन वर्षांपूर्वी तो संगणक कायमचा बंद पडला. नातीने नवा लॅपटॉप पाठवला. त्यावर जुना प्रोग्रॅम उघडायला गेलं, की हा या संगणकावर चालू शकत नाही, एवढीच पाटी यायची. फाईल दुसऱ्या कशात उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, उद्गारचिन्हं आणि चौकोन यांची खिचडी दिसायची. मग आत्याने ज्यांचे कागद होते त्या घरांत फोन लावले. काहींनी घर पाडून फ्लॅट बांधले होते, त्यात माळ्यावरची ट्रंक गेली. एका घरी वाळवी लागली होती. एका घरी मुलांनी सगळं रद्दीत दिलं होतं. म्हणजे पुष्कळ कागदांची जगात उरलेली एकमेव प्रत आत्याच्या त्या न उघडणाऱ्या फायलींत होती.

दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आत्या अजूनही वाचू शकते. स्वतः १९९८ मध्ये टंकलेलं पान तिला वाचता येईना. हे असं का झालं, ते समजून घ्यायला देवनागरी संगणकात कशी आली ते पाहावं लागेल.

अक्षर साठवायचं की आकार?

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे आधी ठरवावं लागतं. अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचा तक्ता आला. त्यात इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा ६५. या तक्त्यात १२८ आकडे आहेत. संगणकाच्या एका खणात, ज्याला बाइट म्हणतात, एकूण २५६ आकडे मावतात. म्हणजे वरचे १२८ मोकळे राहिले. देवनागरीला संसार थाटायला एवढीच जागा होती.

या जागेत दोन वेगवेगळ्या पद्धतींनी घर बांधलं गेलं.

पहिली पद्धत कानपूरच्या आयआयटीत आकाराला आली. या संस्थेत १९६३ मध्येच आयबीएमचा १६२० संगणक आला होता. तिथे १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र विकसित केलं. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तिथे गेलं. त्यामागचा विचार आपल्या वर्णमालेइतकाच जुना आणि पक्का होता. क, ख, ग हा क्रम देवनागरीत आहे तसाच गुजरातीत, बंगालीत, कन्नडमध्ये आहे. मग सगळ्यांच्या 'क'ला एकच आकडा द्यावा, आणि तो कोणत्या लिपीत दाखवायचा ते यंत्राने पाहावं. यातून इस्की हे प्रमाण तयार झालं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते जाहीर केलं. त्यात 'क' म्हणजे १७९. 'कि' लिहायचं तर आधी 'क'चा आकडा, मग वेलांटीचा, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते, पण ती तशी काढणं हे यंत्राचं काम. यात साठवलं जातं ते अक्षर.

दुसरी पद्धत छापखान्याची. तिथे हवा होता कागदावर सुबक उमटणारा मजकूर, आणि तोही लगेच. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा 'त' एका आकड्यावर, काना दुसऱ्यावर, दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण 'त'. वेलांटी आधी, अक्षर नंतर, जसं दिसतं तसं. जोडाक्षरं भरपूर आणि जागा थोडी, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीने तुकडे मांडले. एका फॉन्टमधला 'म' दुसऱ्या फॉन्टमध्ये रफार होऊन बसला. यात साठवला जातो तो आकार. तो कोणत्या अक्षराचा, हे त्या फॉन्टखेरीज कोणालाच ठाऊक नसतं.

त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक यांतलं किती तरी या आकारांच्याच आधारावर छापलं गेलं. कागद हेच मुक्कामाचं ठिकाण असेल तर ही पद्धत उत्तम चालते. फाईल वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला वाचायची असेल तर ती दगा देते. आत्याचा प्रोग्रॅम या दुसऱ्या पद्धतीचा होता.

दरम्यान जगभरच्या लिप्यांना एकत्र आणणारं युनिकोड १९९१ मध्ये आलं. भारतीय लिप्यांची त्यातली मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे. प्रत्येक लिपीला १२८ खोल्यांचा एक वाडा दिला आणि 'क'ला प्रत्येक वाड्यात त्याच जागेवरची खोली दिली. देवनागरी 'क' २३२५ वर, गुजराती 'क' २७०९ वर, मधलं अंतर बरोबर तीन वाड्यांचं. कानपूरचा विचार असा जगाच्या प्रमाणात जाऊन बसला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल या फॉन्टसह. 'ॲ' हे आपल्याला मराठीत रोज लागणारं अक्षर २००८ मध्ये दाखल झालं, आणि २०१४ मध्ये साक्षात मोडीलाही स्वतःचा वाडा मिळाला. आज तुम्ही मोबाइलवर मराठी निरोप पाठवता आणि तो कोलकात्यात किंवा कॅलिफोर्नियात जसाच्या तसा उमटतो, तो या मांडणीमुळे.

बहुरूप्याची साठ वर्षं

आत्याच्या फायली सोडवायचे दोन मार्ग होते. एक, जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर जिवंत करायचा. दोन, आकारांचं अक्षरांत रूपांतर करायचं. पहिल्याशिवाय दुसरा अवघड, कारण मूळ पान कसं दिसत होतं हे समोर असल्याखेरीज रूपांतर बरोबर झालं की नाही, ते ताडून पाहता येत नाही.

जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवण्याची गरज संगणकाइतकीच जुनी आहे. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० ही नवी यंत्रमालिका आणली. ती आधीच्या यंत्रांपेक्षा मुळापासून वेगळी होती. पण गिऱ्हाइकांनी १४०१ या जुन्या यंत्रासाठी पगाराचे, विम्याचे, बँकेचे प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. ते सगळं नव्याने लिहा म्हटलं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं असतं. म्हणून नव्या मालिकेतल्या काही यंत्रांत १४०१ चं सोंग घेण्याची सोय दिली गेली. १९७२ मध्ये त्याच कंपनीने एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक वेगवेगळी यंत्रं असल्याचा आभास उभा करणारी व्हीएम ३७० ही प्रणाली विकायला आणली. आज ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याची ही आजी.

आपल्या घरातल्या संगणकांचा मूळ पुरुष म्हणजे इंटेलची १९७८ मधली ८०८६ चिप. डॉसचे प्रोग्रॅम तिच्यासाठी लिहिलेले असत. गंमत अशी, की तिच्या वंशातल्या आजच्या चिपाही त्या जुन्या सूचना विसरलेल्या नाहीत. अडवणूक होते ती वरच्या मजल्यावर. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांत डॉसचे प्रोग्रॅम चालवायची सोय नाही, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटीच मिळते. त्यामुळे एक्सपीपर्यंत निमूट चालणारे प्रोग्रॅम एका नव्या लॅपटॉपसरशी मुके होतात.

इथे बहुरूपी कामाला येतो. डॉसबॉक्स नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००२ पासून आहे. तो मुख्यतः जुने खेळ खेळण्यासाठी लिहिला गेला. तो नव्या संगणकाच्या आत एका जुन्या संगणकाचं संपूर्ण सोंग उभं करतो, जुनी चिप, जुना पडदा, जुना कळफलक यांच्यासकट. आतल्या प्रोग्रॅमला पत्ताच नसतो की बाहेर कोणतं साल चाललं आहे.

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत होती. बाजारात एक छोटं जोडयंत्र मिळतं, त्याने जुनी डिस्क यूएसबीला जोडता येते. तिच्यावरचं सगळं आधी जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून दिली. मग डॉसबॉक्समध्ये त्या फोल्डरलाच 'सी' ड्राइव्ह म्हणून दाखवलं. त्यामुळे आत्या आत जे लिहील ते बाहेरच्या नव्या डिस्कवरही दिसतं आणि त्याची रोज प्रत काढता येते. सोंगाचा वेग मुद्दाम कमी केला, कारण नव्या यंत्राच्या वेगाने एक कळ दाबली की चार अक्षरं उमटत होती. पडदा मोठा केला. प्रोग्रॅम प्रिंटरकडे जो मजकूर धाडतो तो वाटेतच एका फाईलमध्ये पकडला, कारण त्याला हवा तसला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आता घरात नाही. लॅपटॉपवर एक चित्र ठेवलं, खाली नाव 'मोडी'.

आत्याने ते उघडलं. निळा पडदा, पांढरी अक्षरं, खाली कळांची यादी. तिने चष्मा पुसला आणि काही न बोलता एक ओळ टंकली. मग म्हणाली, "अरे, हे माझंच आहे की."

डॉसमध्ये फाईलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. सहाशे फायलींची ती आठआठ अक्षरं कशाची, हे कोणाला कळणार? पण आत्याने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. घराणं, रुमालाचा क्रमांक, कागदाची तारीख, फाईलचं नाव. दफ्तरखान्यात कारकून ठेवत तशी. ती वही नसती तर बहुरूप्याने दार उघडूनही आत काळोखच होता.

इथे तरुण मंडळींसाठी थोडं थांबतो. म्हाताऱ्या माणसाने नवं शिकावं, जुन्याला चिकटून राहू नये, असं घरोघरी ऐकू येतं. जॉर्ज मार्टिन हे अमेरिकन कादंबरीकार आपली जाडजूड पुस्तकं डॉसवरच्या वर्डस्टार ४ मध्ये लिहितात, हे त्यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितलं. कॅनडाचे विज्ञानकथा लेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ आजच्या संगणकांवर चालेल अशा तयारीनिशी सगळ्यांसाठी खुला केला. ज्याची बोटं एका अवजाराला सरावली आहेत त्याचं लक्ष अवजाराकडे राहत नाही, कामाकडे राहतं. सुतार तीस वर्षांचा रंधा टाकून देत नाही. ८७ व्या वर्षी कळफलक नव्याने शिकायला आत्या राजीही झाली असती, पण ती सहा महिने त्यात घालवणार आणि तेवढे महिने मोडी वाचणं थांबणार, हा व्यवहार तोट्याचा होता.

आचारी आणि आचार्य

प्रोग्रॅम सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत्यानेच प्रश्न काढला. "मी आहे तोवर हे मी उघडीन. माझ्यामागे कोण उघडणार? मोडीचं झालं तेच याचं होणार ना रे?"

तिचं बरोबर होतं. बहुरूपी सोंग आणतो, पण त्यालाही कोणीतरी बोलवावं लागतं. नातीला निळ्या पडद्यावर काय करायचं ते माहीत नाही, आणि तिने शिकावं अशी अपेक्षाही रास्त नाही. शिवाय आकारांच्या फायलींत शोधता येत नाही. 'प्लेग' शब्द कोणकोणत्या पत्रांत आहे, हे संगणकाला विचारायची सोय नाही, कारण त्याच्या लेखी तिथे 'प्लेग' नाहीच, आडव्याउभ्या रेषांचे तुकडे आहेत. म्हणून दुसरा मार्ग धरणं भागच होतं.

तयार मिळणाऱ्या एका परिवर्तकातून पहिल्या वीस फायली काढल्या. दिसायला छान मराठी आली. आत्याने पडद्यावर जुनं पान आणि छापलेलं नवं पान शेजारी धरून वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच ओळीला थांबली. एका लग्नाच्या खर्चाची यादी होती. नव्या पानावर लिहिलं होतं, 'आचार्याला' दोन रुपये.

"आचार्य कुठला रे? आचारी आहे तो. आचाऱ्याला."

हा फरक मराठी माणसालाच कळतो. 'आचार्य' या शब्दात रफार आहे, तो डोक्यावर बसतो. 'आचाऱ्याला' या शब्दात अर्धा 'र' आडवा, पापणीसारखा येतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हिंदीला या आडव्या 'र'ची गरज पडत नाही, म्हणून तो परिवर्तक दोन्हींना एकाच काठीने हाकत होता. जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र या 'र'साठी वेगळी खूण होती. ती खूण ओळखून युनिकोडमधला नुक्त्याचा 'ऱ' आणि पुढे हलन्त, असं लिहिलं की आचारी परत आचारी होतो.

मग मी आणि आत्याने जुन्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक खुणेचा तक्ता हाताने बनवला. ती एकेक आकार टंकायची, मी त्याचा आकडा पाहून वहीत लिहायचो. दोनशेच्या आसपास खुणा निघाल्या. त्या तक्त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो आधी आकारांची अक्षरं करतो, मग वेलांटीला अक्षराच्या मागे आणि रफाराला पुढे, उच्चाराच्या जागी नेतो. न लागलेल्या शब्दांसाठी आत्या चौकटी कंस वापरत असे, ते तसेच ठेवले. ती म्हणते, वाचता आलं नाही हेही लिहून ठेवावं लागतं, नाहीतर पुढचा माणूस फसतो.

सध्या निम्म्याहून अधिक फायली झाल्या आहेत. प्रत्येक फाईल आत्या जुन्या पानाशी ताडून पाहते आणि वहीत टिचकी मारते. तिची नजर आता तासाभराने थकते, म्हणून दिवसाला दोन पत्रं, एवढंच. उरलेली पत्रं आणि तिची वर्षं यांचा हिशेब आम्ही दोघेही मनात करतो. बोलून कोणी दाखवत नाही.

आपल्यासाठी

या सगळ्यातून एक गोष्ट मी पक्की धरली आहे. कागद, डिस्क, फाईल यांतलं काहीच आपोआप टिकत नाही. लिहिणाऱ्याखेरीज आणखी कोणाला तरी ते वाचता येतं, तोवरच ते टिकतं. मोडी काय, डॉस काय, वाचणारा संपला की लिहिलेलं मुकं होतं. आणि वाचणारी माणसं आपल्यात आहेत तोवरच नव्या पिढीसाठी किल्ली तयार करता येते. परिवर्तकाला आचारी आणि आचार्य यांतला फरक ठाऊक नव्हता. आत्याला होता. ती समोर नसती तर त्या घरच्या लग्नात कोणी एक आचार्य दोन रुपये दक्षिणा घेऊन गेले, असा खोटा इतिहास आम्ही मोठ्या निष्ठेने जपला असता.

तुमच्या घरातही असं कोणी असेल. हैदराबादला, बेळगावला, वडोदऱ्याला, दिल्लीला. आजोबांनी संगणकावर लिहिलेला कुलवृत्तांत असेल, काकांचं आत्मचरित्र असेल, आईची ओव्यांची वही कोणीतरी टंकून ठेवलेली असेल. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याची डिस्क काढून ठेवा. मजकुराच्या फायलींबरोबर तो प्रोग्रॅम आणि त्याचे फॉन्टही उतरवून घ्या, कारण त्यांच्याशिवाय फाईल म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही. कोणत्या फाईलमध्ये काय आहे, ते कागदावर लिहून घ्या. युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण मूळ फाईल पुसू नका, आणि एक प्रत कागदावर छापून ठेवा. ज्यांनी ते लिहिलं त्यांना शेजारी बसवून तपासून घ्या.

यातलं सगळं पुढे ढकलता येतं, शेवटचं मात्र ढकलू नका.